बाई वंदनेत चेष्टा करत नाहीत

सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात रक्त साठत होतं. मला ते कळलं नाही, माझ्या माणसांना कळलं नाही, आणि ज्या डॉक्टरांकडे मी पित्ताच्या गोळ्या आणायला जायची त्यांनाही कळलं नाही. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या घरात कुणी गमत्या स्वभावाचं माणूस असेल तर त्याच्यासाठी लिहितेय. अशा माणसाचं आजारपण ओळखायला फार उशीर होतो.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. केजच्या आसपासच्या शाळांमध्ये नोकरी गेली. खेळाचा तासही बहुतेक माझ्याच गळ्यात पडायचा, कारण उन्हात उभं राहायला बाकी कुणी तयार नसायचं. निवृत्त झाले आणि घरात बसून आमच्या ह्यांच्याशी वाद घालण्यापलीकडे काम उरलं नाही. हे पाटबंधारे खात्यात होते. वाद घालणं हाच त्यांचा व्यायाम. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी 'पूर्वेला म्हंजे नेमकं कुठं' असं विचारणारा माणूस. अशा माणसाबरोबर दिवसभर एका घरात बसायचं म्हणजे परीक्षाच, म्हणून मी सकाळी समाजमंदिरात जायला लागले.

ऐका, बघू नका

आमच्या वस्तीचं समाजमंदिर म्हणजे एक लांबट हॉल, समोर बुद्धमूर्ती, मागे सतरंज्यांची चळत आणि वर कुरकुरणारे पंखे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी तिथे पहाटेपासून जोर-बैठका काढायची. त्याच वेळी आम्हा म्हाताऱ्यांना गुडघे हलवायला तीच जागा हवी असायची. पोरांना पंखा फुल लागायचा, आमचे खांदे धरायचे. यावरून एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर विश्वनाथ आबा रोज पोरांवर ओरडायचे आणि पोरं तोंडावर 'हो आबा' म्हणून पंखा तसाच ठेवायची. शेवटी मीच म्हटलं, वेगळे वेगळे व्यायाम करून भांडण्यापेक्षा एकत्र करा, मी घेते. शाळेतल्या आवाजात म्हटलं, त्यामुळे सगळे रांगेत उभे राहिले.

तरण्या पोरांना म्हाताऱ्यांबरोबर हात वर-खाली करायला कंटाळा येणारच. म्हणून मी शाळेतला एक खेळ काढला. तोंडाने 'उजवा हात वर' म्हणायचं आणि स्वतः डावा वर करायचा. माझा शब्द ऐकेल तो राहिला, माझ्याकडे बघून करेल तो बाद. बाद होणाऱ्याने सगळ्यांच्या सतरंज्या उचलायच्या. पोरं पटापट बाद व्हायची आणि म्हाताऱ्या जिंकायच्या, कारण त्यांना मी नीट दिसतच नव्हते. गयाबाई नावाची एक म्हातारी आहे. जन्म ऊसतोडीत गेला, आता कंबर गेल्यामुळे गावात राहते आणि तोडीच्या हंगामात नात सांभाळते. ती तर डोळे मिटूनच खेळायची. तिची नात प्रतीक्षा, भरतीची तयारी करणारी, आजीकडून हरली की चिडायची.

विश्वनाथ आबांना हा खेळ मुळीच पसंत नव्हता. बाईंची चेष्टा कधी सुरू झाली आणि कधी संपली ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार. मी मुद्दाम त्यांना जास्त बाद करायचे. ते रागाने सतरंज्या उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या रांगेत यायचे.

शेवटी सगळे मांडी घालून बसायचे आणि त्रिसरण-पंचशील व्हायचं. सांगायला मी, मागे सगळे. शेजारच्या गल्लीतून येणारी हिंदू पोरंही हात जोडून शांत बसायची. तेवढा वेळ हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज असायचा.

टेंगूळ

उन्हाळ्यात पोरांनी मागच्या दारात पुल-अप्ससाठी लोखंडी बार बसवला. मुलींचा हात पोचत नव्हता म्हणून प्रतीक्षाने भांडून तो पार खांद्याच्या उंचीपर्यंत खाली घ्यायला लावला. एकदा सतरंजी उचलायला मी वाकले आणि उठताना डोकं त्या बारावर सणकून आदळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रतीक्षाने धावत जाऊन बर्फ आणला. टेंगूळ आलं, दोन-चार दिवसांत बसलं. बार ठीक आहे ना, असं मी विचारल्याचं आठवतं. सगळे हसले.

ते टेंगूळ मी विसरले. तुम्हीही विसरला असता.

पुढच्या काही आठवड्यांत जे झालं ते आता एका ओळीत लिहिता येतं, पण तेव्हा ते सुटं सुटं होतं. सकाळी डोकं जड. दुपारी झोप, तीही अशी की हाक मारून उठवावं लागे. दूध गॅसवर ठेवून त्याच्यासमोर उभी राहायचे आणि ते उतू जाताना बघायचे. बसस्टँडवर उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मी तशीच चालत पुढे गेले, मागून एका बाईने आणून दिली. डॉक्टर पित्त म्हणाले. हे म्हणाले चष्म्याचा नंबर वाढला असेल. पुण्याहून मुलगा निखिल फोनवर म्हणाला, आई, वयाचं आहे, आराम कर. मला ही तिन्ही कारणं पटली. माणसाला जे कारण सगळ्यांत स्वस्त असतं ते आधी पटतं.

मग एक सकाळ आली. खेळ चालू नव्हता. साधे हाताचे प्रकार होते. मी 'उजवा हात वर' म्हटलं आणि उजवा हात वर केला, निदान मला तसंच वाटलं. समोर एकच हशा पिकला. अर्धे लोक बाद झाले होते. मी मान वळवून बघितलं तर माझा डावा हात वर होता आणि उजवा मांडीशी लोंबत होता.

आबा वैतागून म्हणाले, खेळ सुरू झाला असं सांगत तरी जा. मी म्हटलं, सांगून फसवतात का कुणी? पुन्हा हशा. मीही हसले. तो हात माझ्या सांगण्यावरून वर गेला नव्हता, आणि हे त्या भरल्या हॉलमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं.

घरी येऊन मी उजव्या हाताने ताट उचललं, पेला उचलला, वेणी घातली. सगळं जमलं. जरा हळू, पण जमलं. मग कशाला कुणाला सांगायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी आधीच 'आज खेळ' असं जाहीर करून टाकलं. त्या आठवड्यात बाई फार रंगात आहेत असं सगळे म्हणत होते. प्रतीक्षा म्हणाली, बाई, तुमी तर लईच बेमालूम करायला लागलात. मला रडू येईल असं वाटलं, आणि मी तिला सतरंज्या उचलायला पाठवलं.

दुतियम्पि

त्या सकाळचं मला जेवढं आठवतं तेवढंच लिहिते. बाकीचं लोकांनी सांगितलेलं आहे.

व्यायाम मी खुर्चीवर बसूनच घेतला. मग सगळे वंदनेला बसले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, त्रिसरण तीनदा म्हणतात. पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीआधी 'दुतियम्पि' लावून, तिसऱ्यांदा 'ततियम्पि' लावून. लहानपणापासून म्हणत आलेलं. झोपेतही चुकणार नाही असं.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी सुरू करायला मी तोंड उघडलं आणि 'दुतियम्पि' म्हटलं. मागून सगळे म्हणाले. ती फेरी संपली आणि मी पुन्हा 'दुतियम्पि'वर आले. पुढे एक शब्द आहे, त्याला ओलांडून गेल्याशिवाय हे संपणार नाही, एवढं मला कळत होतं. पण तो शब्द जिथे असायचा तिथे काही नव्हतं. मी पुन्हा तिथेच आले. पुन्हा. मागच्या आवाजांमधले काही आवाज कमी झाले. कुणीतरी खुदकन हसलं. बाई बघताहेत कोण लक्ष देऊन म्हणतंय, असं पोरांना वाटलं. एका मुलाने तर हुशारी दाखवायला मोठ्याने 'ततियम्पि' म्हटलं, म्हणजे बाई, मी नाही फसलो. मी तो शब्द ऐकला. ऐकूनही माझ्या तोंडातून 'दुतियम्पि'च आलं.

हसणं वाढलं. तेव्हा आबा उठून उभे राहिले.

"हसू नका बे. बाई वंदनेत चेष्टा करीत न्हाईत."

माझ्याकडून सगळ्यांत जास्त वेळा बाद झालेला आणि त्यामुळे माझ्यावर कायम डूख धरलेला तो माणूस माझ्यासमोर येऊन वाकला. माझी चेष्टा कुठवर जाते हे त्याच्याइतकं कुणी मोजलेलं नव्हतं. त्याने विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?" मला नाव ठाऊक होतं. मी ते सांगायला गेले. "दुतियम्पि," मी म्हणाले.

प्रतीक्षा रडायला लागली ते मला दिसलं. मग गयाबाईने माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

फाटा

वस्तीतल्या एकाची काळी-पिवळी जीप होती. आबांनीच ती चालवायला घेतली. मला मागच्या सीटवर आडवं केलं होतं, उशाला गयाबाई, पायथ्याशी प्रतीक्षा, पुढे हे. मला सगळं ऐकू येत होतं आणि काहीच बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं की तोच एक शब्द, म्हणून मी दात घट्ट धरले होते. यापेक्षा बेशुद्ध असते तर बरं, असं वाटलं.

गयाबाई म्हणाली, अंगावरून वारं गेलंय, लकवा हाय. अंबाजोगाईच्या रस्त्यावर एक फाटा आहे, तिथून आत एका गावात वाऱ्याचं औषध देतात. नाकात सोडतात. तिच्या दिराला तिथेच गुण आला होता. दवाखान्यात नेलं की सुया टोचून ठेवतात आणि वाऱ्याचं औषध मग लागू पडत नाही, असं ती म्हणाली. आमच्या भागात हे सगळे मानतात. मीही कधी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

आणि जन्मभर प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे आमचे हे गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आधी तिथं दाखवावं का, आबा? लांब न्हाई." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मला ओरडायचं होतं. माझं काय करायचं ते माझ्यासमोर ठरत होतं आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

गाडीचा वेग कमी झाला. फाटा आला असेल असं मला वाटलं. खिडकीतून मला फक्त आभाळ आणि विजेच्या तारा दिसत होत्या. मग पुढून काहीतरी मोठं वाहन गेलं आणि गाडीने पुन्हा वेग घेतला. फाट्यावर आबा थांबणार होते की नुसती वाट देत होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

फिल्म

अंबाजोगाईला स्कॅन झाला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये डाव्या बाजूला रक्त साठलं होतं आणि ते मेंदूला दाबत होतं. तरुण डॉक्टर होता, ह्यांना फिल्म दाखवत होता. रक्त आजचं नाही, म्हणाला. हळूहळू कित्येक आठवडे साठत आलंय. पडल्या होत्या का? डोक्याला कुठे लागलं होतं? हे म्हणाले, नाही, कुठंच नाही. मी मान हलवली, मलाही आठवत नव्हतं. दाराशी उभी असलेली प्रतीक्षा म्हणाली, "बार लागला होता. मीच खाली घ्यायला लावला होता." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर म्हणाला, लातूरला न्या, आत्ता. तिथे कवटीला भोक पाडून रक्त काढतील. वेळ घालवला तर माणूस हातचं जाईल, आणि वाचलं तरी बोलेलच असं नाही. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. मी बोलत नव्हते म्हणून मला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं. रुग्णाजवळ उभं राहून बोलणाऱ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. आम्ही ऐकत असतो.

वार कोणता

ऑपरेशनआधी एका बाईने माझे केस काढले. अर्धे पांढरे, अर्धे मेंदीचे, कमरेपर्यंतचे. तिने ते कागदात गुंडाळून ह्यांच्या हातात दिले. आत नेताना मी एकच प्रयत्न करत होते. तो तिसरा शब्द मनात म्हणायचा. मी मरायला घाबरत नव्हते असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी फार घाबरले होते. पण मेले तर दुसऱ्या फेरीत अडकून मरू नये, असं काहीतरी डोक्यात होतं.

जागी झाले तेव्हा छतावर दिवे होते आणि डोक्यातून एक नळी निघत होती. सिस्टर येऊन विचारायची, नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता. थोड्या थोड्या वेळाने येऊन तेच. नाव मला पहिल्या दिवशीच सांगता आलं, 'शशिकला', जीभ जड होती, पण आलं. लातूर लवकर आलं नाही, मी केजच म्हणायचे. वार मात्र अजिबात यायचा नाही. तिथे सकाळ-संध्याकाळ नव्हतीच, दिवे कधी मालवत नसत. मी प्रत्येक वेळी सोमवार म्हणायचे, म्हटलं कधीतरी येईलच. सिस्टर गोड होती. चुकले तरी 'छान' म्हणायची. मी स्वतः आयुष्यभर चुकलेल्या पोरांना तसंच 'छान' म्हणत आले, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. माझ्याच वयाची, परळीकडची. तिलाही तेच प्रश्न. ती माझ्या आधी उत्तर द्यायची आणि वार बरोबर सांगायची. मी ऐकून तिचंच उत्तर चोरायला लागले. एका सकाळी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, सोमवार. सिस्टर 'छान' म्हणाली आणि पटकन बाहेर गेली. खूप माणसं आली, पडदा ओढला. मी झोपून उठले तेव्हा खाट रिकामी होती आणि चादर बदललेली होती. शिफ्ट केलं, असं मला सांगितलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

बाहेर वेगळंच चाललं होतं. पुण्याहून निखिल आला होता आणि त्याचा राग हॉलवर निघत होता. या वयात पोरांबरोबर उड्या मारायची काय गरज होती, असं तो कॉरिडॉरमध्ये ह्यांना विचारत होता. प्रतीक्षा रोज एसटीने यायची, आणि हा तिला वर येऊ देत नव्हता. ती खाली रसवंतीच्या बाकड्यावर बसून संध्याकाळी परत जायची. हे मात्र पहिल्यासारखे झाले होते, मुलाशी कडाकडा भांडत होते. ती पोरगी बोलली म्हणून डॉक्टरला कारण कळलं, हे त्यांनी त्याला सुनावलं. निखिल म्हणाला, आता घरी गेल्यावर तो बार मी स्वतः कापून टाकणार आहे.

आयसीयूतून मी वॉर्डात आल्यावर तो माझ्याजवळ येऊन हे सगळं पुन्हा बोलला. मी शब्द जुळवत होते. एकेक शब्द सापडायचा आणि दुसरा शोधेपर्यंत पहिला निसटायचा. तो थांबला, हे त्याचं चांगलं. शेवटी मी म्हटलं, "बार ठेवा. पोरीला वर बोलवा." आजारपणातलं हे माझं पहिलं धड वाक्य. निखिल मान खाली घालून उभा राहिला. मग जिन्याने खाली गेला आणि तिला घेऊन आला. तिच्या डब्यात गयाबाईने दिलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मला चावता येत नव्हतं, म्हणून प्रतीक्षाने ती भाकरी पाण्यात कुस्करली आणि मला चमच्याने भरवली.

परत

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हे पुन्हा साठू शकतं. डोकं दुखलं, झोप वाढली, शब्द अडला, हात जड वाटला, की लगेच या. आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, रोज सकाळी उठल्याबरोबर वार विचारत जा. त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी हा प्रश्न येतो. दार वाजावं आणि बाहेर कोण असेल ते माहीत नसावं, तसं मला रोज वाटतं. मी उठल्या उठल्या अंथरुणातच वार जुळवून ठेवायला लागले. काल काय होतं, परवा काय होतं, भाजी कोणती केली. बरोबर निघालं की तो एक दिवस मिळाला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी डोक्याला पांढरा रुमाल बांधून हॉलवर गेले. बार पोरांनी मागच्या दारातून काढून अंगणात बसवला होता. पुढची रांग तशीच होती, आबा तसेच कपाळाला आठ्या घालून उभे होते. वंदना मीच सांगितली. तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी सगळ्यांनी श्वास धरलेला मला ऐकू आला. शब्द आला. आपोआप आला, जसा आयुष्यभर येत होता.

पण दुसऱ्या दिवशी एक झालं. व्यायाम घेताना मला हुक्की आली आणि मी 'उजवा हात वर' म्हणून मुद्दाम डावा केला. कुणी हसलं नाही. कुणी बादही झालं नाही. सगळे हात खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिले. प्रतीक्षाने खिशातून फोन काढला. गयाबाई धावत आली आणि माझा उजवा हात दाबून विचारलं, कळतंय का. मी म्हटलं, अगं, चेष्टा केली. ती म्हणाली, "तसली चेष्टा नगं करू बाई आता. आमाला वळखू येत न्हाई."

तेव्हापासून मी सरळ व्यायाम घेते. केस पुन्हा येत आहेत, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं. पण बाईंची थट्टा गेली ती गेली. कुणी विचारलं की आजाराने काय नेलं, तर मी हे सांगते आणि लोकांना वाटतं मी गंमत करतेय.

शनिवार

इथे संपवणार होते. लिहून झालं होतं. पण परवा सकाळचं सांगायला हवं.

हे चहाच्या आधी आले, खाटेच्या कडेला बसले आणि विचारलं, "आज वार कोणता?" मी जुळवून ठेवलेलाच होता. शनिवार, म्हटलं.

"न्हाई. शुक्रवार हाय."

एवढा वाद घालणारा माणूस, पण माझ्या वारावर त्यांनी आजवर एकदाही वाद घातला नव्हता. मी सांगायचे, ते मान हलवून चहा ठेवायला जायचे. माझं उत्तर बरोबर असतं म्हणून, असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, शनिवारच आहे. ते म्हणाले, शुक्रवार, मला आज सिलिंडर आणायला जायचं हाय. मी डोळे मिटले आणि पुन्हा मागून मोजत आले. शनिवारच येत होता. पण मागच्या वेळी माझा हातही मला उजवाच वाटत होता. लातूरची नळी, ते दिवे, शेजारची रिकामी खाट, सगळं एका क्षणात परत आलं.

तेवढ्यात रस्त्यावरून पोरांचा गलका आला. दप्तरं पाठीला, गणवेश घातलेले, इतक्या सकाळी. सकाळची शाळा. उन्हाळा सोडला तर शनिवारशिवाय कधी नसते. मी शिक्षिका आहे, बाकी सगळं पुसलं तरी हे पुसणार नाही. मी अंथरुणातून उठून खिडकीशी गेले आणि खरं सांगते, आनंदाने मला रडू फुटलं. "बघा," म्हटलं, "शनिवार आहे. बघा."

ते माझ्या मागे उभे होते. खिडकीकडे बघत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून आत बघत होते. ओट्याखाली नवीन सिलिंडर होतं, वरचं सील अजून तसंच. आदल्या दिवशी त्यांनीच ते आणलं होतं आणि मला हात लावू न देता आत ठेवलं होतं.

होतं असं, नोकरी सुटली की वार कोण लक्षात ठेवतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते म्हटलं नाही. विचारलं, "कधीपासून?"

मला वाटलं, आता वाद घालतील. सिलिंडर, शुक्रवार, सरकारी सुट्ट्या, काहीतरी काढतील. ते खाटेवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पोळ्यापासून," ते म्हणाले. "रोज तू सांगतीस, म्हून मला कळतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. रस्त्यावरची पोरं लांब गेली. मग मी त्यांना पुन्हा सांगितलं की आज शनिवार आहे, आणि आपल्याला अंबाजोगाईला जायचं आहे. ते सदरा घालायला उठले.